सोलापूरचा वारसा : माग, चूल आणि नंदीध्वज

सोलापुरास आलेला पाहुणा परत निघाला म्हणजे त्याच्या सामानांत बहुधा दोन जिन्नस वाढलेले असतात. एक, दोरीनें बांधलेली चादरीची घडी; दुसरा, शेंगांच्या चटणीचा पुडा. पाहुणा संक्रांतीच्या सुमारास आलेला असेल, तर तिसरीहि एक गोष्ट तो बरोबर नेतो. परंतु ती सामानांत मावत नाहीं. पांढऱ्या बाराबंदी घातलेले भक्त उंच नंदीध्वज तोलीत रस्त्यानें चालले आहेत, हें दृश्य त्याच्या डोळ्यांपुढें पुष्कळ दिवस राहतें. चादर, चटणी आणि यात्रा यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे काय, हा प्रश्न मात्र त्याला सहसा पडत नाहीं.

वारसा हा शब्द उच्चारला कीं सामान्यतः किल्ले, देवळें आणि शिलालेख डोळ्यांपुढें येतात. सोलापुरांत भुईकोट किल्ला आहे, तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वराचें देऊळ आहे. हा दगडांचा वारसा. त्यांतील एखादा चिरा निखळला तर तो उचलून पुन्हा बसवितां येतो. परंतु दुसऱ्या प्रकारचा एक वारसा असा आहे, कीं जो करणाराच्या हातांत आणि जाणणाराच्या मनांत वसतो. तो हात थांबला, कीं वारसाहि थांबतो. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेनें २००३ सालीं या दुसऱ्या वारशाच्या रक्षणासाठीं एक आंतरराष्ट्रीय करार केला व २००५ सालीं भारतानें त्यास मान्यता दिली. तोंडीं चालत आलेलें वाङ्मय, उत्सव, लोकाचार आणि हस्तकौशल्य या सर्वांचा त्या करारांत समावेश आहे. वस्तु किती जुनी आहे, यापेक्षां ती करण्याची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जात आहे कीं नाहीं, या गोष्टीला तेथें अधिक महत्त्व आहे. ही कसोटी सोलापूरच्या माग, चूल आणि नंदीध्वज या तिहींना लावून पाहिली, तर तिघांचें उत्तर एकसारखें येत नाहीं. तें कां येत नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

आरंभ चुलीपासून करणें योग्य होईल. कारण चूल जमिनीच्या सर्वांत जवळ असते. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. कोंकणांत जेथें अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथें सोलापूरच्या वांट्यास सरासरीनें सुमारें साडेपांचशें ते सहाशें मिलिमीटर येतो, आणि तोहि बहुतेक पावसाळ्याच्या शेवटीं. अशा मुलखांत खरिपाचा भरंवसा नसतो. म्हणून येथील शेतकरी भाद्रपद-आश्विनांत रब्बीची ज्वारी पेरतो. काळ्या जमिनीनें पोटांत धरून ठेवलेली ओल आणि हिंवाळ्यांतील दंव एवढ्यावर हें पीक उभें राहतें. मंगळवेढ्याची ज्वारी या बाबतींत प्रसिद्ध असून २०१६ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें. ‘मालदांडी’ हें रब्बी ज्वारीचें नांवाजलेलें वाण मोहोळच्या संशोधन केंद्रांत स्थानिक ज्वारींतूनच निवडून काढलेलें आहे.

या ज्वारीभोंवतीं वर्षाचे सण गुंफलेले आहेत. मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे वेळ-अमावास्येस, जिल्ह्याच्या पूर्व व उत्तर भागांतील कुटुंबें आपापल्या शेतांत जातात. कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी कोप उभारून तींत पांडव व लक्ष्मी म्हणून दगड मांडतात. नाना प्रकारच्या शेंगा व भाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकांतील आंबट आंबील असा त्या दिवशींचा नैवेद्य. जो वाटेनें जाईल त्याला हांक मारून जेवावयास बसवावयाचें, हा त्या दिवसाचा शिष्टाचार आहे. त्यानंतर कणसें दुधांत भरून कोवळीं असतांना हुरडा होतो. पुढें भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी व मिसळीची भाजी होते, आणि संक्रांतीला तिळगुळाच्या जोडीनें शेंगापोळी होते.

परंतु सोलापूरची खरी खूण म्हणजे कडक भाकरी. इतरत्र भाकरी तव्यावरून निघाली कीं ताटांत जाते. सोलापूरकडे ती पातळ थापतात आणि भाजून झाल्यावर मंद आंचेवर ठेवून तिच्यांतील सगळा ओलावा काढून टाकतात. मग ती पापडासारखी कुरकुरीत होते. पाणी उरलें नाहीं म्हणजे बुरशी धरत नाहीं, एवढेंच यांतील शास्त्र. पण त्यामुळें ती पुष्कळ दिवस टिकते. लांबच्या वाटेला निघालेला यात्रेकरू, गुरें घेऊन रानांत राहणारा गुराखी, पाळीवर जाणारा गिरणीकामगार या सर्वांना ती सोयीची होती. जळण आणि पाणी दोन्ही जपून वापरावें लागणाऱ्या मुलखानें शोधलेली ही युक्ति आहे.

तिच्या जोडीला शेंगांची चटणी. दाणे मंद भाजून, पाखडून, लसूण, लाल तिखट, जिरें आणि मीठ घालून ते उखळांत कुटावयाचे. मुसळाचा घाव पडतां पडतां दाणा चेंगरतो, त्याचें तेल सुटतें आणि त्याच तेलांत चटणी भिजते. वरून तेल घालावें लागत नाहीं. घरगुती मिक्सरचें पातें दाणा कापतें, चेंगरीत नाहीं; म्हणून त्यांत केलेली चटणी बहुधा कोरड्या भुकटीसारखी होते. यास्तव जे मोठ्या प्रमाणावर चटणी करतात, तेहि मुसळाप्रमाणें दणके देणारें कांडपयंत्रच पसंत करतात. यंत्र आलें, पण कुटण्याची रीत गेली नाहीं. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शेंगदाणा आणि मिरची हीं दोन्ही मूळचीं अमेरिका खंडांतील असून युरोपीय दर्यावर्द्यांबरोबर तीं इकडे आलीं. म्हणजे ज्या चटणीला आपण अस्सल सोलापुरी म्हणतों, तिचा मुख्य मालमसाला परदेशांतून आलेला आहे. सोलापूरचें तीत काय आहे, तर हाताची रीत.

माग पाहूं गेल्यास त्याची कथाहि अशीच आहे. पद्मशाली समाजाचे तेलुगुभाषी विणकर पेशवाईपासूनच तेलंगणांतून सोलापुरास येऊं लागले. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोहोंचली, १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी निघाली, आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें अनेकांना पोटामागें शहराकडे लोटलें. शहराचा पूर्वभाग हळूहळू विणकरांचा भाग झाला. मार्कंडेय ऋषि हा या समाजाचा मूळ पुरुष. त्याच्या यज्ञांतून जन्मलेल्या भावनाऋषीनें कमळाच्या तंतूंपासून पहिलें वस्त्र विणलें, अशी कथा तेथें सांगतात. नारळी पौर्णिमेस पूर्वभागांतून मार्कंडेयाचा रथ निघतो. त्याच दिवशीं विणकर जुनें यज्ञोपवीत काढून नवें धारण करतात. सुतावर जगणाऱ्यांनीं सुताचाच सण करावा, हें स्वाभाविकच होय.

पूर्वीं या मागांवर मुख्यतः लुगडीं व खण निघत. चादरीला जी नक्षी दिसते ती जॅकार्ड नांवाच्या साधनाची कृपा. फ्रान्समधील लिऑन शहरीं जोसेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास तें सिद्ध केलें. त्याचें तत्त्व एकदां समजलें म्हणजे अगदीं सोपें वाटतें. कोणत्याहि कापडांत उभा ताणा व आडवा बाणा असे दोन प्रकारचे धागे असतात. धोटा एकदां इकडून तिकडे गेला कीं बाण्याचा एक धागा पडतो. त्या वेळीं ताण्याचे कोणते धागे वर उचलावयाचे आणि कोणते खालीं ठेवावयाचे, यावर नक्षी अवलंबून असते. जॅकार्डमध्यें मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते व प्रत्येक पट्टीवर भोकें पाडलेलीं असतात. जेथें भोंक असेल तेथील धागा उचलला जातो, जेथें नसेल तेथील खालींच राहतो. बाण्याच्या एका धाग्यास एक पट्टी, असा हिशेब असतो. म्हणून मोर, कमळ किंवा देवळाचें शिखर चादरीवर उमटवावयाचें असेल, तर चित्रकार प्रथम चौकटी आंखलेल्या कागदावर तें रेखाटतो, आणि मग कसबी कारागीर त्यावरून शेंकडों पट्ट्यांना भोकें पाडतो. अलीकडे हें काम संगणकाच्या साहाय्यानेंहि होतें. तथापि नक्षी धाग्यांत कशी बसेल हें जाणणारा माणूस त्यालाहि लागतोच.

चादरीमागें या एका कारागिराचाच हात नसतो. सूत रंगविणारा निराळा, कांड्या भरणाऱ्या बहुधा घरांतील स्त्रिया, ताणा जोडणारा निराळा, विणणारा निराळा, आणि कडा शिवून घडी घालणाऱ्या पुन्हा स्त्रिया. यांपैकीं एक कडी निखळली तरी चादर पुरी होत नाहीं. सोलापुरी चादर सुती असते, अंगावर घेतांना जड लागते, आणि उलटून पाहिली तर पालथ्या बाजूसहि तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. धुवून धुवून ती मऊ होत जाते. फाटावयास मात्र वर्षें लागतात.

आतां या मागाची आजची अवस्था पाहावी. गेल्या शतकांत हातमागाची जागा बहुतांशीं यंत्रमागानें घेतली. शहराला ज्यांच्या भोंग्यावर जाग येई त्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि विणकामाचा सर्व भार लहान लहान कारखान्यांवर येऊन पडला. २००५ च्या सुमारास सोलापुरी चादर व सोलापुरी टर्किश टॉवेल यांना १९९९ च्या कायद्याखालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तीं महाराष्ट्रांतील पहिल्या मानांकनांपैकीं होत. या मानांकनाचा अर्थ असा कीं, सोलापुरांत न विणलेल्या चादरीला सोलापुरी हें नांव लावणें बेकायदेशीर ठरतें. कायदा चांगला आहे. परंतु बाजारांत पानिपतसारख्या ठिकाणचा स्वस्त माल सोलापुरी म्हणून विकला जातो, अशी विणकरांची तक्रार वारंवार वर्तमानपत्रांत येते. कृत्रिम धाग्यांचीं हलकीं, गुबगुबीत पांघरुणेंहि स्वस्त मिळूं लागलीं आहेत. ग्राहकाला नांव ओळखीचें असतें, पण कापड ओळखतां येत नाहीं. अशा वेळीं नांवाची किंमत नकली माल करणाराला मिळते आणि विणणाऱ्याच्या मजुरीवर मात्र ताण पडतो. त्याचा परिणाम घरांत दिसतो. विणकराचा मुलगा शिकून पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरी शोधतो. त्याचा बापच त्याला म्हणतो, “बाबा रे, मागावर बसूं नकोस.” यांत बापाचा दोष नाहीं. जन्मभर कानांत मागाचा खडखडाट आणि छातींत सुताचे तंतु सांठविलेल्या माणसानें मुलाचें हित पाहूं नये, असें कोण म्हणेल?

येथपर्यंत आल्यावर तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेकडे वळणें अवश्य आहे. कारण माग जेथें थकतो आहे तेथें यात्रा कां थकत नाहीं, याचें उत्तर तिच्या रचनेंत सांपडतें. बाराव्या शतकांत बसवेश्वरांच्या काळीं सिद्धराम किंवा सिद्धरामेश्वर हे शिवयोगी सोन्नलगी म्हणजे आजच्या सोलापुरांत होऊन गेले. श्रीशैलाचा मल्लिकार्जुन हें त्यांचें दैवत. कन्नड भाषेंतील त्यांचीं वचनें प्रसिद्ध आहेत. त्यांनीं लोकांकडून श्रमदानानें तळें खोदविलें आणि गांवाच्या परिसरांत अडुसष्ट लिंगें स्थापिलीं, असें परंपरा सांगते. एका कुंभारकन्येनें त्यांच्याशीं विवाहाची इच्छा धरिली, तेव्हां योग्यानें आपल्या योगदंडाशीं तिचा विवाह लावून दिला, ही यात्रेच्या मुळाशीं असलेली कथा होय.

या विवाहाचीच पुनरावृत्ति दर वर्षीं संक्रांतीस होते. भोगीच्या दिवशीं नंदीध्वजांची मिरवणूक निघून अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक होतो. संक्रांतीस संमति कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या क्षणीं तळ्याकांठीं जमलेल्या जनसमुदायांतील प्रत्येकाच्या मुठींत तांदूळ असतात, आणि त्या वेळीं तो कोणत्या पेठेचा अथवा कोणत्या भाषेचा, हें कोणी विचारीत नाहीं. किंक्रांतीस होम होतो. त्या रात्रीं वासराची भाकणूक म्हणून एक विधि असतो : दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढें धान्यादि पदार्थ मांडतात आणि त्याच्या हालचालींवरून पुढील वर्षाच्या पाऊसपाण्याचे व बाजारभावांचे अंदाज बांधतात. त्या अंदाजांवर विश्वास ठेवावा कीं नाहीं हा प्रश्न निराळा. पण पावसासाठीं आभाळाकडे डोळे लावणाऱ्या मुलखाची काळजी त्यांत दिसून येते. पुढें शोभेचें दारूकाम व शेवटीं वस्त्रविसर्जन होऊन धार्मिक विधि संपतात. होम मैदानावरील गड्ड्याची जत्रा त्यानंतरहि चालूच राहते.

या यात्रेंत मानाचे सात नंदीध्वज असतात. पहिल्याचा मान देवस्थान व हिरेहब्बू घराण्याकडे असून इतर ध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे वांटलेले आहेत. त्यांत देशमुख, लिंगायत माळी, सोनार आणि मातंग यांचा समावेश होतो. शिवाय कुंभाराचा मान कथेंतच आहे. कोणाची पाळी कोठें, कोणाचें काम कोणतें, हें ठरलेलें असल्यामुळें कोणालाहि ‘माझ्यावांचून चालेल’ असें म्हणतां येत नाहीं. नंदीध्वज म्हणजे उंच व जड काठी. ती पेलणें हें नुसत्या ताकदीचें काम नव्हे, तोल लागतो. होमाच्या दिवशीं ध्वजाला नागफणी बांधतात, तेव्हां तोल आणखी अवघड होतो. म्हणून यात्रेपूर्वीं कितीतरी दिवस अगोदर रात्रीच्या वेळीं पेठांतून सराव चालतो. जाणते पुढें चालतात, तरुण खांदा देतात, आणि लहान मुलें घरच्या वेळूच्या काठीवर तीच चाल गिरवितात. शाळा नाहीं, परीक्षा नाहीं. तरी विद्या पुढें जाते. ती कां जाते? कारण ती शिकणाऱ्याला चार लोकांत मान मिळतो.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे परत यावें. यात्रा टिकली, कारण ती पेलणाऱ्यास मान आहे. कडक भाकरी टिकली, कारण तिला मोल आलें. एके काळीं घरच्या चुलीपुरती असलेली ही भाकरी आज सोलापूरच्या कित्येक स्त्रिया करून विकतात, ती पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाते, आणि त्या कमाईंतून मुलांच्या शाळेची फी भरली जाते. सुनेला सासूकडून भाकरी पातळ थापण्याची हातोटी शिकावीशी वाटते, कारण त्या हातोटीवर घर चालतें. मागाच्या वांट्यास मात्र या दोहोंपैकीं कांहींच पुरेसें आलेलें नाहीं. चादरीला कीर्ति आहे. विणकराला मान नाहीं. चादरीला किंमत आहे. विणणाऱ्याला पुरेशी मजुरी नाहीं. मान किंवा मोल यांपैकीं एक तरी मिळाल्यावांचून कोणतीहि विद्या दुसऱ्या पिढीकडे जात नाहीं, हा या तीन उदाहरणांचा निष्कर्ष आहे. परंपरा जपा असा उपदेश विणकराला करणें सोपें आहे. पण त्याची परंपरा जपण्याचा खर्च त्यानें एकट्यानेंच सोसावा, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

यावर उपाय सर्वस्वीं कोणा एकाच्या हातीं नाहीं. तथापि थोडा थोडा प्रत्येकाच्या हातीं आहे. ग्राहकानें चादर घेतांना घाई करूं नये. मानांकनाची खूण व विणणाऱ्या कारखान्याचा पत्ता पाहावा, चादर उलटून दुसऱ्या बाजूची नक्षी पाहावी, हातावर तोलून वजन पाहावें, एक धागा ओढून तो सुती आहे कीं नाहीं याची खात्री करावी. हें पाहणारा ग्राहक वाढला, कीं नकली मालाला जागा कमी होईल. शाळांनीं मुलांना किल्ला दाखवावयास नेतात त्याप्रमाणेंच मागहि दाखवावयास न्यावें. भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यावरून मोर कसा उमटतो, हें पाहतांना गणितहि शिकतां येतें. आणि वर्गांतील एखाद्या मुलाला तेथें प्रथमच कळतें कीं आपला बाप रोज करतो तें काम हुशारीचें आहे. कारखानदारांनीं कसबी हाताला कसबाचा दाम द्यावा आणि नव्या शिकाऊ माणसाला शिकण्याच्या काळांतहि पोटापुरतें मिळेल अशी व्यवस्था करावी. सरकारी मदतीचा हिशेब मागांच्या संख्येनें होतो, तसाच तो शिकाऊ हातांच्या संख्येनेंहि व्हावा.

तेलंगणांतून आलेला विणकर, फ्रान्समधून आलेलें जॅकार्ड, अमेरिकेंतून आलेला शेंगदाणा, श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचा ध्यास घेतलेला शिवयोगी, हें सर्व सोलापुरानें आपलेंसें केलें. बाहेरून आलेलें आपलें करून घेण्याची शक्ति या गांवांत निःसंशय आहे. आपलें झालेलें टिकवून धरण्याची शक्तिहि आहे, हें दर संक्रांतीस नंदीध्वज सांगतात. यात्रेच्या त्या मिरवणुकींत माणूस थकला कीं दुसरा पुढें होऊन ध्वज आपल्याकडे घेतो. ध्वज खालीं टेकूं देत नाहींत. पूर्वभागांतील मागाशेजारींहि कोणीतरी तसा पुढें झाला पाहिजे, आणि पुढें झाल्याचा त्याला पश्चात्ताप होऊं नये, एवढें गांवानें पाहिलें पाहिजे.